गनड्रिल पहिल्यांदा मारतोयस तर पायलट होल नीट कर
भावा, 8 एमएमचं गनड्रिल, म्हणजे खोल भोकासाठीचं लांब बारीक ड्रिल, 300 एमएम खोल मारायचंय ना, मग आधी पायलट होल, म्हणजे ड्रिलला सरळ धरून ठेवणारं आखूड भोक, खोली साधारण दीड डाया (व्यास) म्हणजे 12 एमएम, साईज ड्रिलपेक्षा 10-20 मायक्रॉन जास्तच, कमी अजिबात नको. ड्रिल अगदी स्लो आरपीएमला आत घाल, मग कूलंट (थंड ठेवणारं तेल) चालू आणि मगच फुल स्पीड. बाहेर हवेत फुल स्पीडला फिरवलंस तर लांब शँक (ड्रिलची दांडी) चाबकासारखी हलते, माझं एक असंच मोडलं, कार्बाईड टिप (कठीण टोक) जॉबमध्येच, म्हणजे भोक पाडत होतो त्या तुकड्यातच अडकली, तयार होत आलेला जॉब गेला. साध्या ड्रिलसारखं पेकिंग, म्हणजे सारखं आत-बाहेर करू नको, फीड (ड्रिल पुढे सरकायचा वेग) एकसलग ठेव. चिपवर, म्हणजे निघणाऱ्या धातूच्या किसावर लक्ष ठेव, छोटी स्वल्पविरामासारखी येतेय तोवर ठीक, लांब दोऱ्यासारखी यायला लागली की थांब, टोक बघ, फीड बघ, कूलंटचं प्रेशर बघ. बाहेर काढताना आधी स्पिंडल (ड्रिल फिरवणारा भाग) बंद कर.