डोक्याला तिसऱ्यांदा मार बसलाय, मुलाला पुढं खेळू द्यायचं का?

प्रश्न : आम्ही मिरजेचे. मुलगा 17 वर्षांचा, अकरावी सायन्सला आहे. दहावीला 84 टक्के होते. शाळेपासून फुटबॉल खेळतो, सेंटर बॅक म्हणून, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी. सव्वा वर्षात तीनदा डोक्याला मार बसला. पहिल्यांदा समोरच्याच्या डोक्यावर डोकं आपटलं, दुसऱ्या दिवशी ठणठणीत. दुसऱ्यांदा कानशिलावर कोपर बसलं. आठवडाभर डोकं दुखत होतं, तरी चौथ्या दिवशी सरावाला गेला. तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात. धडक तशी साधीच होती, पण उठल्यावर त्यानं स्कोअर दोनदा विचारला. तीन आठवडे झाले, अजून ट्यूबलाइट सहन होत नाही, क्लासला टोपी घालून बसतो. सीटी स्कॅन नॉर्मल आहे, बेशुद्धही पडला नव्हता. कोच म्हणतात, फुटबॉलमध्ये हे चालायचंच. कोल्हापूरच्या एका संघानं पुढच्या हंगामासाठी बोलावलंय. खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीत लागेल अशी आमची आशा आहे, आता सोडलं तर तीन वर्षं वाया जातील. त्याची आई ‘आता बास’ म्हणते. हेल्मेटसारखी टोपी घालून खेळला तर चालेल का?
– एक पालक, मिरज

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तब्येतीचा प्रश्न आणि करिअरचा प्रश्न तुम्ही एकाच दावणीला बांधलेत. मैदानावर कधी परतायचं हे डॉक्टर ठरवतील. तो अधिकार कोचचा नाही, कोल्हापूरच्या संघाचा नाही आणि माझा तर नाहीच. फुटबॉलवर पोट अवलंबून ठेवायचं का, यावर मात्र मी बोलू शकतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पुढचा हंगाम सोडा आणि कोल्हापूरला या आठवड्यातच तसं कळवा. ‘बघू, तोपर्यंत बरा होईल’ म्हणत अर्धवट लोंबकळत ठेवलं, तर पोरगं त्या तारखेकडे डोळे लावून दुखणं लपवत राहील.

तीन वेळा झालं म्हणून मी हे म्हणत नाही. ‘तिसऱ्यांदा झालं की खेळ बंद’ असा नियम मैदानावर पुष्कळजण सांगतात, पण वैद्यकशास्त्रात असा ठरलेला आकडा नाही. डॉक्टर वेगळ्या गोष्टी बघतात. दोन माऱ्यांमधलं अंतर कमी होतंय का? आधीपेक्षा हलक्या धक्क्यानं त्रास व्हायला लागलाय का? बरं व्हायला दर वेळी जास्त दिवस लागतायत का? आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. पहिल्या वेळी एक दिवस, दुसऱ्या वेळी आठवडा, तिसऱ्या वेळी तीन आठवडे आणि अजून चालूच. आणि तिसरी धडक तुम्हीच ‘साधी’ म्हणताय. मला काळजी वाटते ती या चढत्या क्रमाची.

सीटी नॉर्मल आल्यानं तुम्हाला हायसं वाटलं, ते साहजिक आहे. रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही, एवढं त्यातून कळलं, आणि तेही महत्त्वाचंच आहे. पण कन्कशनमध्ये, म्हणजे मार बसून मेंदू हादरतो तेव्हा, स्कॅन बहुतेकदा नॉर्मलच येतो. मिरज तंबोऱ्यांचं गाव, म्हणून तुमच्या गावच्या भाषेत सांगतो. तंबोरा हातातून पडला, भोपळ्याला तडा नाही, दांडी शाबूत, तारा जागच्या जागी. पण छेडला की जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, गेलेली. सीटीला तडा दिसतो, जवारी ऐकू येत नाही. ती ऐकायला न्यूरोलॉजिस्टनं मुलाला समोर बसवून तोल, नजर, स्मरण, झोप, चिडचिड हे सगळं विचारून तपासावं लागतं. मिरज-सांगलीत डॉक्टरांची वानवा नाही, दूर जायची गरज पडणार नाही. ‘बेशुद्ध पडला नव्हता’ हा दिलासाही सोडून द्या, कारण बहुतेक कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध पडतच नाही.

स्कोअर दोनदा विचारण्यावरून 2014 च्या विश्वचषकाची फायनल आठवली. जर्मनीचा क्रिस्तोफ क्रेमर डोक्याला मार बसल्यावरही खेळत राहिला आणि थोड्या वेळानं त्यानं पंचांनाच विचारलं, ही फायनल आहे का? तेव्हा कुठं त्याला बाहेर काढलं. अख्खं जग बघत होतं, बाकावर डॉक्टर बसलेले होते, तरी एवढा वेळ गेला. मग आपल्या शालेय सामन्यात एका शिक्षकाच्या आणि बर्फाच्या पिशवीच्या भरवशावर किती राहायचं, ते तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या वेळी चौथ्या दिवशी सरावाला गेला, हे वाचून मी थबकलो. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्यानं सूज येते आणि जीवावर बेततं. हे दुर्मीळ आहे, पण घडतं ते मुख्यतः याच वयाच्या मुलांत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेट 13 वर्षांचा होता. 2006 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोकं आपटल्यावर त्याला त्याच सामन्यात परत उतरवलं. तो वाचला, पण कितीतरी महिने बोलूही शकत नव्हता. त्याच्या नावानं 2009 मध्ये तिथं कायदा झाला: संशय आला की खेळाडू बाहेर, आणि जाणकार डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत परत यायचं नाही. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. आपल्याकडे ते काम पालकांनाच करावं लागतं. म्हणून कोचना स्पष्ट सांगा, आणि शक्यतो लेखी द्या, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मुलगा सरावालाही येणार नाही. कोच वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्या काळी कुणी सांगितलंच नव्हतं.

विश्रांतीबद्दल एक गैरसमज असतो. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत, आता तसं सांगत नाहीत. पहिले एक-दोन दिवस निवांत, मोबाइल जवळजवळ बंद. मग त्रास फारसा वाढणार नाही इतपत चालणं-फिरणं. अभ्यास आधी रुळावर येतो, खेळ नंतर. खेळातही आधी नुसतं पळणं, मग चेंडूबरोबर एकट्यानं सराव, आणि धक्काबुक्कीचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. एकेका पायरीला किमान एक दिवस. ब्रिटनमध्ये हौशी खेळाडूंसाठी 2023 मध्ये जी सूचना निघाली तिच्यात स्पर्धेत परतायला किमान 21 दिवस सांगितलेत, आणि तेही त्रास थांबलेला असेल तर. तुमच्या मुलाचे 21 दिवस होऊन गेले, पण त्रास थांबलेला नाही. त्यामुळे त्याच्यासाठी तो आकडा तूर्त निरुपयोगी आहे.

डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून नीट जागं होईना, झटका आला, हातपाय लुळे वाटले, तर कशाचीही वाट न बघता थेट दवाखान्यात न्या. आणि मिरज-सांगली रस्त्यावर त्याला दुचाकी चालवू देऊ नका. 17 वर्षांचा आहे म्हणजे तसंही चालवायला नकोच, पण आपल्याकडे चालवतात, मला माहीत आहे.

आता पुढच्या आयुष्याचं. स्कॉटलंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंवर ग्लासगोत मोठा अभ्यास झाला, 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू झिजत जाण्याच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साधारण साडेतीनपट निघालं. पुढं 2021 मध्ये जागेनुसार पाहिलं, तर सगळ्यात जास्त धोका बचावफळीत आणि गोलकीपरला जवळपास इतरांइतकाच. तुमचा मुलगा बचावफळीत आहे म्हणून हे सांगणं भाग आहे. पण ती माणसं वर्षानुवर्षं व्यावसायिक खेळलेली होती. शाळा-कॉलेजात काही वर्षं खेळलेल्या पोराला तेच माप लावून घरात रडारड करू नका. त्याच अभ्यासात हृदयविकारानं जाण्याचं प्रमाण या खेळाडूंमध्ये कमी दिसलं होतं. फुटबॉल हे काही विष नाही.

टोपीबद्दल. टोपी घालून खेळणाऱ्या गोलकीपर पीटर चेकचा फोटो मुलानं दाखवला असणार. 2006 मध्ये चेकच्या कवटीचं हाड मोडलं, म्हणून तो पुढं कारकीर्दभर ती टोपी घालून खेळला. अशी टोपी खोक पडणं टाळते, हाडाला थोडा आधार देते. डोकं झटक्यानं थांबलं की आत मेंदू हलतो, त्याला ती काही करू शकत नाही. उलट टोपी आहे म्हणून पोरं जास्त बिनधास्त उडी मारतात. त्यावर पैसे घालू नका.

आता कोट्याचा हिशेब, कारण मला वाटतं खरी गाठ तिथं आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, बरोबर. पण त्यात कुठल्या पातळीची स्पर्धा, मान्यताप्राप्त संघटनेची होती का, क्रमांक कितवा आला, हे सगळं क्रीडा खातं पडताळून बघतं. गावोगावच्या चषकांत कितीही ढाली मिळाल्या तरी त्या शोकेसमध्येच राहतात. कोल्हापूरच्या संघातून शाहू स्टेडियमवर खेळणं ही मोठी गोष्ट आहे. तिथली गर्दी बघितलेल्या पोराला ‘जाऊ नको’ म्हणणं किती जड जातं, याची मला कल्पना आहे. पण तेवढ्यानं कोटा मिळत नाही. शिवाय पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची. कोट्यातल्या उमेदवारालाही लेखी सुटत नाही. ट्यूबलाइटखाली बसवत नसलेल्या मुलानं ते 100 गुण कुठून आणायचे?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये 17 वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, हे तुमच्याही मनात असेल. अशी मुलं या वयात राष्ट्रीय शिबिरात असतात. तुमच्या मुलाला या वयात स्थानिक संघाचं पहिलं बोलावणं आलंय. चांगला खेळाडू आहे तो, पण फुटबॉलवर घर चालवण्याची शक्यता पातळच होती, डोक्याला मार बसला नसता तरीही. 2025 मध्ये तर आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, हंगामच करार अडकल्यामुळे वेळेवर सुरू झाला नाही. देशातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेची ही गत.

आतापर्यंतची जी प्रमाणपत्रं आहेत, ती खेळ थांबवल्यानं रद्द होत नाहीत. मूळ प्रती फाइलला लावा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन त्यातली कुठली धरली जातील ते विचारून घ्या. तीन वर्षं वाया जातील म्हणता, ती गेलेली नाहीत.

अकरावीचं वर्ष सुदैवानं कॉलेजच्या हातात असतं. वर्गशिक्षकांना भेटून डॉक्टरांचा कागद द्या, काही आठवडे कमी तास आणि चाचण्यांना सवलत मागा. बारावीत हे जमणार नाही. क्लास दिवसाचे चार तास असतील तर निम्मे करा. त्यानं बायॉलॉजी ठेवलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ठेवलं असेल तर फिजिओथेरपीचा विचार जरूर करा. कराडला कॉलेज आहे, प्रवेशासाठी कुठली परीक्षा लागते ते आधी विचारून घ्या. दुखापत काय असते हे स्वतःच्या अंगावर शिकलेला फिजिओ मला तरी जास्त भरवशाचा वाटतो. 18 पूर्ण झाल्यावर फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा प्रशिक्षक अभ्यासक्रम करता येईल, पंचांची परीक्षाही आहे. इंग्लंडचा रायन मेसन 2017 मध्ये डोक्यावर डोकं आपटून कवटी फुटल्यानं 2018 मध्ये, 26 व्या वर्षी निवृत्त झाला. 2021 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, तो टॉटनहॅम या क्लबचा हंगामी मॅनेजर होता. सगळ्यांचं असं होत नाही. पण खेळणं थांबलं म्हणजे मैदान सुटलंच असं नाही, हे मुलाला त्याच्याच जगातल्या माणसाच्या उदाहरणानं कळेल.

पत्राच्या मागच्या बाजूला त्यानं पेन्सिलनं एक ओळ लिहिलीय, ती तुम्ही पाहिलीत की नाही ठाऊक नाही: ‘सर, हेडिंग न करता खेळलो तर?’ हेडिंग म्हणजे डोक्यानं चेंडू मारणं. त्याला उत्तर देतो.

मित्रा, प्रश्न हुशारीचा आहे. पण सेंटर बॅकनं हेडिंग करायचं नाही, तर कॉर्नरला उभं कुठं राहायचं? समोरचा तुझ्यावरच चेंडू टाकेल आणि तू सवयीनं उडी मारशील. शिवाय कन्कशन बहुतेकदा चेंडूनं होत नाही, समोरच्याचं डोकं, कोपर किंवा जमीन लागून होतं. तुझ्याही बाबतीत पहिल्या दोन वेळी डोकं आणि कोपरच होतं ना? वर्षभरानं डॉक्टर हो म्हणाले, तर जागा बदलून, मित्रांत, स्पर्धेशिवाय खेळण्याबद्दल त्यांनाच विचार. त्यांनी नाही म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घे, तुझा तो हक्क आहे. तिसऱ्याकडे मात्र ‘हो’ ऐकायला म्हणून जाऊ नकोस.

आणि साहेब, न्यूरोलॉजिस्टकडे जाताना एक कागद न्या: तिन्ही वेळच्या तारखा, काय लागलं, नंतर काय काय झालं, किती दिवस. तो कागद तुम्ही लिहू नका, त्याला लिहू द्या, आणि तपासणीच्या वेळी थोडा वेळ बाहेर बसा. चौथ्या दिवशी सरावाला गेला तेव्हा डोकं खरंच थांबलं होतं का, हे तो तुमच्यासमोर सांगेल असं मला वाटत नाही.