बरण्या ३६, गल्ल्यात खडखडाट

प्रश्न : नौपाड्यात माझं घरगुती फराळाचं दुकान आहे. ३६ पदार्थ ठेवते. गर्दी असते, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. परवा अ‍ॅपल कंपनीबद्दल वाचलं. एवढ्या मोठ्या कंपनीकडून आमच्यासारख्यांनी काय घ्यायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, त्यांचा आजचा झगमगाट सोडा, १९९७ साल बघा. त्या वर्षी तोटा १०० कोटी डॉलरच्या वर होता. कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह जॉब्स मधे बाहेर पडले होते, ते परतले. त्यांनी चार चौकोन आखले : घरगुती आणि व्यावसायिक गिऱ्हाइकासाठी एकेक टेबलावरचा, एकेक उचलून नेण्याचा संगणक. बाकी बरंचसं बंद. १९९८ मध्ये आयमॅक हा घरगुती टेबलावरचा संगणक आला, नफा ३० कोटी डॉलरच्या पुढे गेला. (मधल्या काळात मायक्रोसॉफ्टकडून १५ कोटी डॉलरही घेतले होते, ते लोक सांगत नाहीत.)

वागळे इस्टेटमध्ये माझं नट-बोल्टचं वर्कशॉप होतं. ४० मापं बनवायचो. एका पावसाळ्यात रॅक सरकवला, तर मागे गंजलेल्या बोल्टांची दोन पोती! तीन वर्षांत कुणी विचारली नव्हती. माल गंजत होता आणि मी बँकेचं व्याज भरत होतो.

गल्ल्याजवळ वही ठेवा. पंधरा दिवस रोज रात्री लिहा, कुठल्या बरणीत किती उरलं, खवट म्हणून किती टाकलं. विक्री नव्हे, उरलेलं. कडबोळी चारच गिऱ्हाइकं नेत असतील तर ऑर्डर घेऊनच करा. चकलीला मात्र हात लावू नका. चकलीसाठी मीसुद्धा गोखले रोडला वाट वाकडी करतो.