120 मायक्रॉनसाठी बाद?

प्रश्न : सर, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नोव्हेंबर 2025 मधली लास वेगासची फॉर्म्युला वन शर्यत आम्ही होस्टेलवर रविवारी सकाळी पाहिली. लँडो नॉरिस दुसरा आला, ऑस्कर पियास्त्री चौथा. दुपारनंतर कळलं, दोघंही बाद! गाडीच्या तळाची फळी किमान 9 मिलिमीटर हवी, नॉरिसची एका जागी 8.88 भरली, म्हणजे 120 मायक्रॉन (0.12 मिलिमीटर) कमी. चूक मुद्दाम केलेली नाही, हे शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या एफआयए या संघटनेनेच मान्य केलं. मग थोडा दंड करून सोडता आलं नसतं का?
— विद्यार्थिनी, लातूर

तुझा राग मला समजतो, पण मी पंचांच्या बाजूचा आहे. माझी सगळी नोकरी वाळूजच्या कारखान्यांत, इन्स्पेक्शनच्या टेबलावर झाली. तिथे 120 मायक्रॉनने अंडरसाइज निघालेला जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, कधीकधी पास होतो. डिझाइनवाल्यांनी बघायचं, कामात फरक पडत नाही असं लिहून द्यायचं आणि डेव्हिएशनवर माल पुढे जायचा. ते योग्यच आहे, कारण कारखान्यातला एक जॉब दुसऱ्या जॉबशी शर्यत लावत नाही. शर्यतीत मात्र त्या 120 मायक्रॉनचा थेट वेग होतो. गाडी जितकी जमिनीला खेटून धावेल, तितकी तळाखालची हवा तिला खाली ओढते आणि वळणावर टायर घट्ट धरतात. फळी जास्त झिजली, म्हणजे गाडी जास्त खाली धावली. फळी नवी असताना 10 मिलिमीटरची असते. एक मिलिमीटर झिजायची मुभा आधीच दिलेली आहे. म्हणजे टॉलरन्स त्या 9 च्या आकड्यात मोजून झालाय. त्यावर आणखी टॉलरन्स मागायचा नसतो.

ही फळी आली कुठून, तेही लक्षात ठेव. 1994 च्या मे महिन्यात इटलीतल्या इमोलाला आयर्टन सेन्ना हा चालक अपघातात मरण पावला, त्याच्या आदल्याच दिवशी तिथेच रोलंड रॅट्झनबर्गर हा चालक. गाड्यांचा वेग खाली आणण्यासाठी जे बदल झाले, त्यात त्याच हंगामात ही फळी बसवली गेली. त्याच वर्षी बेल्जियमला मायकेल शूमाकर जिंकला आणि फळी जास्त झिजली म्हणून बाद झाला. कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवरून, गाडी घसरल्यामुळे ती घासली, असं त्याच्या संघाचं म्हणणं होतं. पंचांनी ते मानलं नाही, विजय डेमन हिलकडे गेला. म्हणजे हा नियम कुणा एका संघासाठी काल-परवा काढलेला नाही.

लास वेगासला मॅक्लारेनची, म्हणजे नॉरिस-पियास्त्रीच्या संघाची, बाजू अगदीच पोकळ नव्हती. रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणामुळे सरावात खंड पडला, पात्रता फेरी पावसात झाली, आणि शर्यतीत गाड्या त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त उसळून तळ आपटू लागल्या. पंचांनी हे ऐकून घेतलं. संघाच्या माणसांसमोर पुन्हा मोजलं, तरी फळी कमीच भरली. पियास्त्रीची तर 8.74 पर्यंत गेली होती. पण पाऊस काही एकाच संघावर पडला नव्हता. गाडी जरा उंच ठेवणाऱ्याने जाणूनबुजून वेग सोडलेला असतो. खाली ठेवणाऱ्याला ‘तुझा हेतू चांगला होता’ म्हणून सोडलं, तर नियम पाळणाऱ्याला आपण शिक्षा केली असं होतं. हेतू मोजायला गेज नाही, फळी मोजायला आहे.

तू मशीन शॉपमध्ये प्लग गेज हाताळलं असशील. एक टोक गो, ते भोकात गेलंच पाहिजे; दुसरं नो-गो, ते जाता कामा नये. 2021 मध्ये ब्राझीलला लुईस हॅमिल्टनच्या गाडीचं नेमकं तसंच झालं. तेव्हा सरळ रस्त्यावर वेगासाठी गाडीचा मागचा पंख उघडता यायचा; उघडल्यावर फट जास्तीत जास्त 85 मिलिमीटर हवी असायची. 85 चं गोल गेज ठरावीक जोराने लावायचं. आरपार गेलं की गाडी नापास. ते पंखाच्या एका बाजूला गेलं. चार वेळा तपासलं, दोन वेगवेगळी गेज वापरली. फरक होता 0.2 मिलिमीटर. पात्रता फेरीतून बाद झालेला हॅमिल्टन स्प्रिंटमध्ये, म्हणजे शनिवारच्या छोट्या शर्यतीत, शेवटून सुटून पाचवा आला, इंजिन बदलल्याची वेगळी शिक्षा घेऊन रविवारी दहाव्या जागेवरून निघाला आणि शर्यत जिंकला. तुझा नॉरिसही लास वेगासचे 18 गुण गमावूनच 423 विरुद्ध 421 असा विश्वविजेता झाला.

प्रश्न : फळीच्या झिजेवर इतकी कडक नजर, आणि टीव्हीवर डोळ्यांना दिसेल असे पंख वाकतात तरी गाडी पास! हा कुठला न्याय?
— निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

गुरुजी, या प्रश्नावर माझं तुमच्याशी पूर्ण एकमत आहे, आणि मला खरी चीड इथेच येते. कडक नियमाने कुणावर अन्याय होत नाही. नियम एक सांगतो आणि तपासणी दुसरंच मोजते, तिथे होतो. पंख हलता कामा नये अशी अपेक्षा, पण तपासणी होते गाडी उभी असताना, ठरलेल्या जागी ठरलेलं वजन लावून. ताशी 300 किलोमीटरला हवेचा दाब वेगळ्याच जागी, वेगळ्याच दिशेने येतो. हुशार अभियंता कार्बन फायबरचे थर असे रचतो की पंख तपासणीत ताठ राहतो आणि सरळ रस्त्यावर झुकून हवेचा अडथळा कमी करतो. त्याला लबाड म्हणू नका, त्याने परीक्षा उत्तीर्ण केलेली आहे. परीक्षा बदलायला हवी होती. 2025 मध्ये स्पेनच्या शर्यतीपासून पुढच्या पंखाची मुभा सुमारे 100 किलोच्या भाराला 15 वरून 10 मिलिमीटरवर आणली. पण तोवर मोसमातल्या आठ शर्यती होऊन गेल्या होत्या!

2026 च्या नव्या इंजिनांचंही तेच झालं. कॉम्प्रेशन रेशोची, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याची, मर्यादा 18 वरून 16 वर आणली, पण तो मोजायचं ठरलं इंजिन थंड असताना, भोवतालच्या तापमानाला. रेशो जास्त, तर ताकद जास्त. तापल्यावर धातू फुगतो, मग धावताना तो रेशो 16 च राहतो कशावरून, अशी हरकत हंगाम सुरू होण्याआधीच घेतली गेली. वाळूजच्या कुठल्याही स्टँडर्ड रूममधल्या, म्हणजे मापं तपासायच्या खोलीतल्या, पोराला हे माहीत असतं. लांबीचं माप 20 अंश सेल्सियसचं धरतात. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना शॉपमधून आलेला गरम जॉब आम्ही लगेच मोजायचो नाही; एसीत सरफेस प्लेटवर ठेवून थंड होऊ द्यायचो. 100 मिलिमीटरचा पोलादी तुकडा 20 अंशांच्या फरकाने 23 मायक्रॉन वाढतो, आणि तेवढ्यावर अख्खी लॉट रिजेक्ट होऊ शकते. आमच्या ड्रॉइंगवर तापमान लिहिलेलं असायचं, कारण तो जॉब वापरणाऱ्यालाही त्याचा हिशेब लागतो. गाडी तर तापूनच धावते. मग नियम लिहितानाच गरम इंजिनाचा विचार व्हायला नको होता का?

प्रश्न : मुलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजची टीम विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धेला गेली होती. तपासणीत कॉकपिटमधून टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या मापाचा सपाट साचा, सरकवताना तो डॅशबोर्डच्या ब्रॅकेटला अडला. ब्रॅकेट कापून परत येईपर्यंत तपासणीची वेळ संपली. वर्षभर पोरं वर्कशॉपमध्ये झोपली होती. तक्रार करावी का?
— पालक, परभणी

नका करू, साहेब. तो टेम्प्लेट अपघातात पाय अडकू नयेत म्हणून असतो, आणि त्याचं माप नियमावलीत छापलेलं असतं. अशा स्पर्धांत गाडी 60 अंशांवर तिरकी करून तेल-पाणी गळतं का ते बघतात, ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकदम लॉक होतात का ते बघतात. पोरांना म्हणावं, पुढच्या वेळी प्लायवूडचा टेम्प्लेट आधीच कापून घ्या आणि वायरिंग, ब्रॅकेट, सीट सगळं बसवल्यावर आत घालून बघा. नुसत्या चॅसिसमध्ये, म्हणजे रिकाम्या सांगाड्यात, तो नेहमीच बसतो. आणि नियमावलीतलं एखादं वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येत असेल, तर आयोजकांना आधीच लेखी प्रश्न पाठवा. उत्तराची प्रत लॅमिनेट करून टूलबॉक्समध्ये ठेवा, तपासणीच्या टेबलावर तीच कामाला येते.