वाचनासाठी टॅब घ्यावा, पण हप्त्यांवर नको

परळच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. घर 320 चौरस फुटांचे, राहणारी माणसे चार. पुस्तकांचे कपाट भरून गेले आणि आता खोकी पलंगाखाली सरकली आहेत. पुस्तके आणि मुलीची कॉमिक्स यांवर दरमहा सुमारे 1,800 रुपये जातात. म्हणून 42,000 रुपयांचा टॅब बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर घ्यावा आणि यापुढे सगळे वाचन त्यावरच करावे, असा त्यांचा विचार आहे. इमारतीतली एक खोली नुकतीच 28,000 रुपये चौरस फूट या भावाने विकली गेली. त्या भावाने कपाटाखालची चार चौरस फूट जागा 1,12,000 रुपयांची ठरते, आणि त्यापुढे टॅब स्वस्तच पडतो, असे ते लिहितात.

प्रथम या जागेच्या हिशेबाबद्दल. कपाट हलवल्याने घरात उठण्याबसण्याला मोकळीक येईल, आणि एवढ्या घरात तिचे मोल मी मुळीच कमी मानत नाही. परंतु ती चार चौरस फूट जागा आपल्याला विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही आणि तिच्यामुळे गृहकर्जाचा हप्ताही कमी होणार नाही. म्हणून सोय म्हणून ती अवश्य मोजावी, बचत म्हणून नव्हे.

आता हप्त्याकडे येऊ. आपण कळवलेल्या आकड्यांप्रमाणे हाती येणारा पगार 62,000 रुपये. त्यातून गृहकर्ज 24,000, घरखर्च 24,000, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, 5,000, शाळेची फी आणि बस 3,500 आणि पुस्तके 1,800 वजा जाता 3,700 रुपये उरतात. टॅबचा हप्ता 3,500 रुपयांचा आहे, म्हणजे वर्षभर हातात महिन्याला फक्त 200 रुपये राहतील. राखीव निधी 70,000 रुपयांचा, तर गृहकर्ज, घरखर्च आणि शाळा मिळून महिन्याचा अटळ खर्च 51,500. दीड महिनाही तो पुरणार नाही. माझ्या मते या प्रश्नाचा खरा निकाल याच आकड्यात आहे. पावसाळ्यात घरातले कोणी आठवडाभर रुग्णालयात राहिले, तर तो खर्च क्रेडिट कार्डावर जाईल, आणि कार्डाची थकबाकी बहुधा महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याजाने वाढते.

शिवाय ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी नव्हे. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते. व्याज बँक घेतेच. तेवढी सवलत विक्रेता किमतीत देतो, एवढेच. व्याजदर 15 टक्के धरला तर आपल्या व्यवहारात व्याज सुमारे 3,200 रुपये होईल, त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 580 रुपये, आपणच भराल, आणि प्रक्रिया शुल्क त्याखेरीज. रोखीने घेताना मिळू शकणारी सूटही अशा वेळी बहुधा हातची जाते.

टॅब घेऊच नये, असे मात्र मी म्हणत नाही. कॉमिक्सच्या वाचकाला त्याची खरी गरज आहे: किंडलसारख्या सहा इंची कृष्णधवल वाचकयंत्रावर कादंबरी उत्तम वाचता येते, पण रंगीत चित्रांचे पान त्यावर बारीक आणि फिके दिसते, तर अकरा इंची पडद्यावर छापील पानाच्या जवळपास आकाराचे पान मावते. यासाठी 42,000 रुपयांच्या यंत्रातला वेगवान प्रोसेसर आणि लेखणी आपल्याला लागणार नाही. 22,000 रुपयांच्या आसपासचा टॅब चार वर्षे वापरला तर महिन्याला सुमारे 460 रुपये पडतात. महागड्याचे 875 पडतील.

ज्या बाबीचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही, तिच्यावर मी अधिक भर देईन. छापील पुस्तक आपल्या मालकीचे असते. ते पुतण्याला देता येते, किंग्ज सर्कलच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकवाल्याला विकता येते. डिजिटल पुस्तकाचे पैसे भरल्यावर बहुतेक ठिकाणी वाचण्याचा परवानाच मिळतो. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडलवरची खरेदी संगणकावर उतरवून यूएसबीने दुसऱ्या यंत्रात नेण्याची सोय काढून घेतली. त्यामुळे एकदाच वाचायचे ते डिजिटल घ्यावे. मुलगी पुन्हापुन्हा उघडते ती कॉमिक्स छापीलच असू द्यावीत, आणि विकत घ्यायच्या फाइली शक्य तेथे कुलूप नसलेल्या, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरही उघडता येणाऱ्या, ईपब, पीडीएफ किंवा (कॉमिक्ससाठीच्या) सीबीझेड स्वरूपातल्या निवडाव्यात, म्हणजे टॅब बदलला तरी त्या आपल्याजवळ राहतील. ई-साहित्य प्रतिष्ठानची मराठी ई-पुस्तके तर विनामूल्य मिळतात.

माझी सूचना अशी. पुढील सात महिने पुस्तकांची खरेदी 600 रुपयांवर आणावी आणि वाचनाची भूक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ग्रंथालयाची वर्गणी भरून भागवावी. ती वर्गणी या 600 रुपयांतच धरावी. त्यातून वाचलेले 1,200 आणि शिलकीतले 2,000 असे 3,200 रुपये टॅबसाठी वेगळे ठेवावेत. सात महिन्यांत 22,400 रुपये जमतील. शिलकीतले उरलेले 1,700 रुपये दरमहा राखीव निधीत टाकावेत, आणि टॅब घेतल्यानंतर हे 3,200 रुपयेही तिकडेच वळवावेत. तो निधी तीन महिन्यांच्या खर्चाएवढा, म्हणजे 1,54,500 रुपयांचा, होईपर्यंत दुसरी कोणतीही मोठी खरेदी करू नये. दरम्यान घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मुलीसह दोन-तीन कॉमिक्स वाचून पाहावीत. पडद्यावर तिचे मन रमत नसेल, तर ते पैसे खर्च होण्याआधीच कळेल.

टॅब आल्यावर डिजिटल वाचनाच्या मासिक वर्गणीची योजना मात्र एका वेळी एकच चालू ठेवावी. अशा वर्गणीची रक्कम खात्यातून आपोआप वजा होण्याच्या किमान 24 तास आधी बँकेचा संदेश येतो. तो आला की त्या महिन्यात त्या योजनेतले किती वाचले हे पाहावे, आणि काहीच वाचले नसेल तर ती त्याच दिवशी थांबवावी.