थकबाकी फेडून झाली, आता क्रेडिट कार्ड बंद करावं का?

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी. सहा वर्षांपूर्वी घेतलेलं कार्ड, लिमिट १,२०,०००, वर्षाला ९९९ रुपये फी. बरेच महिने त्यावर बाकी फिरत होती, ती गेल्या महिन्यात एकदाची भरून टाकलीत. दुसरं कार्ड लाइफटाइम फ्री, लिमिट ६०,०००. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च साधारण २२,००० आणि वर्षभरात गृहकर्ज काढायचंय. जुनं कार्ड बंद केलं तर सिबिल (म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो क्रेडिट स्कोअर) खाली येईल का, हा प्रश्न.

गृहकर्जाचं पहिलं डिस्बर्समेंट (पैशांचा पहिला हप्ता बँकेकडून मिळणं) होईपर्यंत बंद करू नका, असं माझं मत आहे. एक अपवाद आहे, तो पुढे येईलच. पण त्याआधी बाकी खरंच शून्य झाली आहे का ते बघा.

कार्डावर बाकी फिरत असताना व्याज रोजच्या रोज चढतं आणि बिनव्याजी मुदत मिळत नाही. स्टेटमेंट १२ तारखेला निघालं, ३८,४०० बाकी दाखवली आणि तुम्ही ती ३० तारखेला पूर्ण भरली, तरी मधल्या १८ दिवसांचं व्याज त्या आकड्यात नव्हतं. महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दराने ते सुमारे ७९५ रुपये होतं. वर १८ टक्के जीएसटीचे १४३. हे ९३८ रुपये पुढच्या स्टेटमेंटला येतात आणि ‘आपण तर सगळं भरलं’ म्हणून ते स्टेटमेंट कोणी उघडतच नाही. मग लेट फी, तिच्यावर जीएसटी आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये उशिराचे दिवस. इतक्या कष्टाने फेडलेल्या कार्डावर सर्वात वाईट डाग पडतो तो इथे. म्हणून एक पूर्ण कोरं स्टेटमेंट, टोटल ड्यू ०, हातात येईपर्यंत बंद करण्याचा विचारही नको.

रक्कम पूर्ण भरली की तडजोड करून, हेही आठवा. बँकेने काही पैसे सोडून दिले असतील तर रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि गृहकर्जवाले नेमकं तेच बघतात. तसं असेल तर सोडलेली रक्कम भरून नो ड्यूज पत्र (काहीही बाकी नाही असं बँकेचं पत्र) घेणं हे पहिलं काम. कार्ड बंद केल्याने तो शेरा जात नाही.

आता स्कोअर. जुनं खातं बंद केलं की त्याचा इतिहास पुसला जातो, हा समज चुकीचा आहे. बंद खातं रिपोर्टमध्ये पुढे अनेक वर्षं दिसत राहतं. लगेच जाणवतो तो लिमिटचा हिशोब. आज १,८०,००० पैकी २२,००० वापरता, म्हणजे १२ टक्के. जुनं कार्ड गेलं की तेच २२,००० साठ हजारांपैकी होतात, म्हणजे जवळपास ३७ टक्के. साधारण ३० टक्क्यांच्या आत राहावं असा ठोकताळा आहे, ६०,०००वर ती मर्यादा १८,००० येते. खर्च एका रुपयाने वाढलेला नसताना तुम्ही कर्जावर जास्त अवलंबून आहात असं दिसतं. हा परिणाम कायमचा नाही, वापर कमी झाला की स्कोअर सावरतो. पण गृहकर्जाच्या अर्जाआधीच्या चार-सहा महिन्यांत तो ओढवून घेण्यात शहाणपण नाही. (दोन्ही कार्डं एकाच बँकेची असतील तर लिमिट बहुतेकदा सामाईक असतं. मग हे गणितच बदलतं, आधी ॲपमध्ये तपासा.)

फीचं काय? वर्षाची तारीख यायच्या महिनाभर आधी कस्टमर केअरला फोन करून कार्ड बंद करायचंय असं सांगा. बऱ्याचदा कॉल दुसऱ्या टीमकडे जातो आणि फी माफीचा किंवा लाइफटाइम फ्री कार्डात बदलून देण्याचा प्रस्ताव येतो. बदलून घेत असाल तर तेच खातं चालू राहणार की नवं उघडणार हे विचारून घ्या. फी बिलात आधीच लागली असेल तर उलटवून मागा, पण तोपर्यंत थकवू नका. जीएसटीसह ते १,१७९ रुपये होतात आणि तेवढ्यावरही लेट फी लागते. फी माफ व्हावी म्हणून खर्चाचं टार्गेट गाठायला जाऊ नका.

ठेवायचं ठरलं तर ॲपमध्ये ऑनलाइन, आंतरराष्ट्रीय आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बंद करा. तीन-चार महिन्यांतून एकदा दोन-तीनशेचा किरकोळ व्यवहार करा, कारण वर्षभराहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक कळवून बंद करू शकते आणि तुम्ही ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर करतेही. बिलाला ऑटोपे लावा, पण ‘मिनिमम ड्यू’ नव्हे, ‘टोटल ड्यू’.

आता अपवाद. बाकी साचली ती एखाद्या आजारपणामुळे किंवा नोकरीतल्या खंडामुळे असेल तर वर लिहिलेलं लागू. पण हातात कार्ड आहे म्हणून खर्च होत गेला असेल तर स्कोअरचा विचार न करता बंद करा. काही अंकांसाठी ४२ टक्क्यांचं व्याज पुन्हा घरात आणू नये. मधला मार्गही आहे, लिमिट ६०,०००वर आणून घ्या. एकूण १,२०,०००वर २२,००० म्हणजे १८ टक्के, हे चालतं.

बंद करायचंच ठरलं तर आधी रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, बंद झाल्यावर ते सहसा बुडतात. चालू ईएमआय असेल तर उरलेलं मुद्दल एकदम मागतात, वर फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी फेडल्याचा आकार, लागू शकतो. लाइट बिल, विमा हप्ता, ओटीटी, फास्टॅग रिचार्ज यांचे ऑटोपे दुसऱ्या कार्डावर हलवा. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर काढा. कुठला रिफंड यायचा असेल तर तो येऊ द्या. घरच्यांच्या नावाचं ॲड-ऑन कार्डही सोबतच बंद होतं, त्यांना सांगून ठेवा. आणि जुनी स्टेटमेंट आधीच उतरवून घ्या, नंतर लॉगिन मिळेलच असं नाही.

विनंती ॲप, वेबसाइट किंवा ईमेलने करा. कस्टमर केअरचा नंबर कार्डाच्या मागचाच घ्या, गुगलवर शोधून नको. ‘ब्लॉक’ करणं म्हणजे बंद करणं नव्हे. ब्लॉक केल्यावर बहुधा नवं कार्ड घरी येतं आणि फी चालूच राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. पोस्टानेच अर्ज पाठवा, असा आग्रह बँक धरू शकत नाही. विनंती क्रमांक आणि बंद झाल्याचा ईमेल जपून ठेवा.

दीड-दोन महिन्यांनी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्या कार्डासमोर बाकी ०, स्थिती ‘क्लोज्ड’ आणि बंद झाल्याची तारीख दिसली पाहिजे. खातं अजून चालू दिसत असेल तर त्याच कंपनीच्या साइटवर तक्रार टाका. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.