उन्हाळ्यात बायोइंक: आधी तापमान सांभाळ

भाऊ, बायोइंक म्हणजे जिवंत पेशी मिसळलेली, थ्रीडी प्रिंटरने थरावर थर छापायची जेल. तिची सुरुवात अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा चिकट पदार्थ) आणि जिलेटिनच्या मिश्रणानेच कर. ३ टक्के अल्जिनेट, ५ टक्के जिलेटिन ३७ अंशांवर विरघळव, सेंट्रिफ्यूज करून बुडबुडे काढ, मगच पेशी हलक्या हाताने मिसळ. छापताना सिरिंज २२ ते २५ अंशांवर हवी. खान्देशात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. एसी बंद पडला की जिलेटिन पातळ होतं आणि थर पसरतात. म्हणून सिरिंजला थंड ठेवणारं आवरण घेच, त्यात काटकसर नको.

सुई २५ गेजची पुरे. त्याहून बारीक घेतलीस तर दाब वाढतो, पेशी घर्षणाने मरतात. छापून झाल्यावर तुकडा १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ५ मिनिटं ठेव; कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्या जोडून घट्ट जाळी बनवतं. धुवायला फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं द्रावण) नको, हेपेस-सलाइन (हेपेस हे बफर घातलेलं, फॉस्फेट नसलेलं मिठाचं पाणी) वापर: फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि जाळी सैल पडते.