गंधार वारंवार का येतो

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं भूप रागाचं रेकॉर्डिंग ऐकलं. सूर छान लागलेत, दमसासही वाढलाय. पण मधली काही मिनिटं मला देसकार ऐकू येत होता. एकही चुकीचा सूर तू लावलेला नाहीस, आणि लावणार तरी कुठून? दोन्ही रागांत तेच पाच सूर आहेत: षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत, म्हणजे सा रे ग प ध. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला आणि देसकार सकाळचा. भातखंड्यांनी तर रागांची थाटांत वर्गवारी करताना भूप कल्याण थाटात ठेवला आणि देसकार बिलावलात. कोणत्या सुराकडे किती वेळा यायचं, कुठे थांबायचं, यावर हे सगळं ठरतं.

भूप शिकवताना मी गंधारच एवढा का घोटून घेते, असं तू विचारलं होतंस. गंधार वादी, म्हणजे रागातला मुख्य सूर, आहे म्हणून, हे पुस्तकातलं उत्तर खरंच आहे; पण तेवढ्यानं गळ्याला काही कळत नाही. तानपुरा नीट जुळव आणि खर्जाच्या तारेकडे लक्ष देऊन बस. तिच्या नादातून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भूपातला गंधार त्यात मिसळून जातो, म्हणून तिथे कितीही थांबलं तरी ओढाताण वाटत नाही. रे ग, प ग, ध प ग: सगळ्या वाटा तिथेच उतरतात.

धैवत तानपुऱ्यात असा सहज सापडत नाही. पंचमाच्या वर तो जरा अधांतरीच असतो, आणि देसकारात वादी तोच. ध, प, ग प ध प, सां, ध प. धैवताला पुन्हा पुन्हा भेटायचं, पंचमावर विसावायचं, रिषभाकडे ओझरतं पाहायचं. मग तेच सूर लख्ख, जागे वाटू लागतात.

तुझं नेमकं इथे बिनसलं. धैवतावरची एक जागा तुला आवडली, ती तू परत परत घेतलीस आणि दरवेळी पंचमावरच थांबलीस. गंधारापर्यंत उतरलीच नाहीस. तीच जागा एकदा घेऊन खाली आली असतीस तर भूपाला काही झालं नसतं.

मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांचंही असंच. तिघांचे सूर तेच सहा. मारव्यात कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत धरून ठेवायचे, षड्जावर येणं मात्र लांबवत न्यायचं; ऐकणाऱ्याला तो हवाहवासा होतो आणि मारव्याची सगळी बेचैनी त्यातच आहे. पूरियात गंधार-निषादाला महत्त्व आलं की बेचैनीच्या जागी गांभीर्य येतं. सोहनी वर, तार षड्जाच्या आसपास खेळते.

कमी वेळा येणाऱ्या सुरालाही तितकंच जप. अल्हैया बिलावलात कोमल निषाद ‘ध नि ध प’ एवढ्यापुरता, अवरोहात, म्हणजे सूर उतरताना, येतो आणि जातो. तो गोड आहे म्हणून त्यावर रेंगाळलीस तर अल्हैया उरणार नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी अल्पत्व आणि बहुत्व, म्हणजे सुराचं कमी येणं आणि जास्त येणं, ही दोन्ही लक्षणं शेजारी शेजारी सांगितली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुन्हा येणं म्हणजे तसंच येणं नव्हे. गंधारावर कधी रिषभावरून ये, कधी पंचमावरून, कधी मंद्र धैवतापासून चढत. बंदिशीचा मुखडाही, म्हणजे तिचा सुरुवातीचा तुकडाही, असाच. अंतरा एक-दोनदा होतो, मुखडा मात्र आवर्तनामागून आवर्तन येत राहतो, कारण विलंबित एकतालाच्या लांबलचक आवर्तनात आलाप कुठेही फिरून आला तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आल्याची खूण तोच देतो. हल्लीची मुलं तो उरकून टाकतात, याचं मला वाईट वाटतं. तू तसं करू नकोस. त्यातला प्रत्येक शब्द पूर्ण म्हण.

आता एक काम कर. तेच रेकॉर्डिंग वही घेऊन ऐक आणि प्रत्येक आलाप कोणत्या सुरावर थांबला तेवढंच लिही. धैवत आणि पंचम किती भरलेत ते तुझं तुलाच दिसेल. मग आठवडाभर रोज आधी भूप, लगेच देसकार, दोन्हींचे फक्त आलाप. ताना अजिबात नकोत. रविवारी येशील तेव्हा मला दोन्ही ऐकव. रागाचं नाव आधी सांगू नकोस, मी ओळखते.

तुझी,
बाई